उजवी खाच

माजिवडा, ठाणे
२८ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला चालत नाहीत, म्हणून कागदावर लिहिते. ठाण्याहून डोंबिवलीला पत्र, असं म्हणून कुरियरवाला हसला. हसू दे.

विनीतने तुमच्याकडचा माळा रिकामा केला तेव्हा आम्हा भावंडांचा जुना रेसिंग सेट माझ्या कृतिकासाठी पाठवला. आठाच्या आकाराचा काळा ट्रॅक, त्यात दोन खाचा, लाल गाडी, पिवळी गाडी. खोकं उघडलं तर आत अजून वर्कशॉपच्या वॉर्निशचा वास होता. हॉलमध्ये ट्रॅक मांडला. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "गो, ह्या गारींना पेट्रोल कुठशी घालतंस?" कृतिकाने त्यांना प्लग दाखवला.

इतक्या वर्षांनी दोन्ही गाड्या चालल्या. पण लाल हळू चालते. पिवळी गाडी जागृती चालवते. जागृती म्हणजे माझ्या दिराची मुलगी, वरच्या मजल्यावर राहते, कृतिकाच्याच वयाची. पाच फेऱ्यांत ती पूर्ण एक फेरी पुढे जाते. कृतिकाला लाल मीच दिली. म्हटलं, माझी होती, आता तुझी.

तुम्ही चाळीस वर्षं कारखान्यांच्या मोटरी वाइंड केल्यात. ही बोटाएवढी मोटर का दमते ते सांगा.

तुम्ही जूनमध्ये महिनाभर राहायला येणार म्हणून कृतिकाने कपाटातला एक कप्पा रिकामा केला आहे. त्यात काय ठेवणार ते तिला कळवा, नाहीतर ती परत भरेल.

आपली,
प्राची


मानपाडा, डोंबिवली पूर्व
२ मे २०२४

चि. प्राचीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. अशी गाडी हळू चालण्याची कारणं ठरलेली असतात. क्रमाने बघ.

गाडी उलटी कर. पोटाखाली तांब्याच्या जाळीचे दोन ब्रश आहेत. ते ट्रॅकमधल्या पट्ट्यांवरून वीज उचलतात. काळे पडले असतील. स्पिरिटने पूस. टोकं पिंजारली असतील तर कात्रीने सरळ कर आणि ब्रश किंचित खाली वाकव, म्हणजे पट्टीला नीट टेकतील. मग मागचा आस बघ. त्याला केस गुंडाळलेले असणार. घरात दोन मुली खेळतात, नक्की असणार. चिमट्याने काढ. आसाला तेल दे, शिवणयंत्राचं, सुईच्या टोकाने, एक थेंब. दोन नाही. खोबरेल तर अजिबात नाही.

ट्रॅकच्या पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घास. सँडपेपर लावू नकोस, चरे पडतात आणि चऱ्यांत मळ बसतो.

ज्या तुकड्यात वायरी येतात त्याच्या खाली झाकण आहे. ते उघडू नकोस. त्यात काही नसतं.

कप्प्यात दोन सदरे, दोन लेंगे, चष्मा, पाटी-पेन्सिल. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर पाटीवर लिहावं लागेल, हे सांगून ठेव. हल्ली विनीतही पाटीवरच बोलतो. बरं आहे. पाटीवर माणूस कमी बोलतो.

तुझा,
बाबा


माजिवडा
६ मे

ती. बाबांस,
सा. न.

सगळं केलं. आसाला केस होते, लांब, माझे असावेत, तीस वर्षांपूर्वीचे. विचित्र वाटलं. ब्रश पुसले, तेल दिलं, एकच थेंब. दोन खोडरबर संपले. खाली काळा चुरा पडला तो सासूबाईंनी झाडला आणि मला दोन शब्द सुनावले.

गाडी थोडी सुधारली. म्हणजे एक फेरी मागे राहायची ती आता पाऊण फेरी राहते. जागृती अजून जिंकते. तिला आता कंटाळा आला आहे, ती जिंकता जिंकता बिस्किट खाते.

मला वाटतं गाडीचा दोष कमी आणि कृतिकाचा जास्त. माझ्यावर गेली आहे. हात हळू. काल हिरमुसली तेव्हा तिला सांगितलं की काहींचा हात अशा कामाला नसतो, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. तुम्ही मला सांगायचात तसंच.

तरी अजून काही करण्यासारखं असेल तर लिहा.

आपली,
प्राची


मानपाडा
९ मे

चि. प्राचीस,
आशीर्वाद.

केलंस ते ठीक केलंस. आता टायर बघ. रबर जुनं झालं की कडक होतं, चाक जागच्या जागी घसरतं आणि वेग जातो. टायर उलटे करून घाल, आतली बाजू बाहेर. मग ट्रॅकचे सांधे. प्रत्येक सांध्याला पत्र्याची जीभ असते, ती सैल झाली की पुढच्या तुकड्याला वीज कमी पोचते. पकडीने हलकेच दाब. पकड विनीतकडून मागव, घरातली वापरू नकोस, दात मोठे असतात. दातेरी चाक मोटरच्या चाकात फार घट्ट अडकलं असेल तर तेही गाडीला ओढतं. मधे कागदाची एक पट्टी जाईल एवढी फट हवी.

एवढं करून नाही झालं तर राहू दे. मी जूनमध्ये आलो की बघतो. तोवर मुलींना दुसरा खेळ द्या. वायरींच्या झाकणाला हात लावू नकोस.

इकडे पाण्याचा त्रास आहे. बाकी ठीक.

तुझा,
बाबा


माजिवडा
१३ मे

ती. बाबांस,

टायर उलटे केले. सांधे दाबले, चोवीसच्या चोवीस. कागदाची पट्टी घालून बघितली, जाते. फरक नाही.

मग एक जुनी गोष्ट आठवली. मी दहा वर्षांची, विनीत सात. वर्कशॉपच्या लाकडी बाकावर ट्रॅक मांडलेला. मी हरले आणि म्हणाले, माझी गाडीच खराब आहे. तुम्ही लाल गाडी उचलून विनीतच्या खाचेत ठेवलीत. ती सुसाट गेली. तुम्ही सगळ्या कारागिरांकडे बघून म्हणालात, "बघा, गाडी तर ठीक आहे. मग उरलं काय?" आणि माझा हात मनगटाला धरून वर केलात. सगळे हसले. मीसुद्धा हसले.

परवा मी तेच केलं. लाल गाडी जागृतीच्या खाचेत ठेवली. सुसाट गेली. कृतिका माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे माझा हात." 

सोसायटीत रोबोटचा वर्ग आहे, मुलं मोटरी जोडून गाड्या बनवतात. एप्रिलमध्ये तिने हट्ट करून नाव घातलं होतं. आता म्हणते, नाव काढ, मला मशीन जमत नाही. दहा वर्षांची मुलगी. जेवताना, भाकरीचा तुकडा मोडत, इतक्या सहज म्हणाली.

आणि बाबा, झाकण उघडू नकोस असं तुम्ही दोनदा लिहिलंत. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. झाकणाला दोन स्क्रू आहेत. तुमच्या दृष्टीने मला दोन स्क्रूही जमायचे नाहीत?

प्राची


मानपाडा
१५ मे

प्राची,

हट्ट करू नकोस. विजेचं काम आहे, तुला जमणार नाही. रविवारी विनीत येतो आहे, सेट खोक्यात भरून त्याच्याकडे दे. मी दुरुस्त करून जूनमध्ये घेऊन येतो. मुलीला वर्गात जाऊ दे, ती वेगळी गोष्ट आहे.

बाबा


माजिवडा
१९ मे

बाबा,

विनीत आज अकरा वाजता आला, चहा घेतला, रिकाम्या हाताने परत गेला. सेट दिला नाही. का ते सांगते.

शुक्रवारी दुपारी मुली खेळत होत्या. खेळत म्हणजे जागृतीने कृतिकाला ओढून बसवलं होतं. कृतिका म्हणाली, "आई, मी त्या बाजूला बसू?"

मी नाही म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. कारण आपल्याकडे बाजू ठरलेल्या होत्या. विनीत डावखुरा, म्हणून डावीकडे विनीत आणि उजवीकडे मी. तुम्हीच तसं बसवलंत आणि आम्ही कधी उठलो नाही. तुम्ही गाडी बदलून दाखवलीत, बाजू कधी बदलली नाहीत. मीही गेल्या आठवड्यात गाडीच बदलली. तीस वर्षांत एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही की मुलांनी जागा बदलाव्यात.

त्यांनी बदलल्या. कृतिका लाल गाडी घेऊन डाव्या खाचेत गेली आणि पूर्ण एक फेरीने जिंकली. जागृतीने कंट्रोलर आपटला. "काकी, चीटिंग! ही साइडच बेकार आहे!"

दहा वर्षांच्या मुलीला ते एका फेरीत कळलं.

मग मी तुमच्या पद्धतीने गेले. नवा कारागीर आला की तुम्ही पहिल्या दिवशी त्याला सांगायचात: शंका येईल त्या वस्तूची अदलाबदल कर, दोष जिच्याबरोबर जातो ती दोषी. मी खाऊचा डबा घेऊन यायचे तेव्हा ऐकायचे. गाडी बदलली, दोष उजवीकडेच. कंट्रोलर बदलला, दोष उजवीकडेच. मुलगी बदलली, दोष उजवीकडेच. दोन पत्रं भरून तुम्ही मला खोडरबर, शिवणयंत्राचं तेल आणि कागदाची पट्टी सांगितलीत. तुमची स्वतःची पहिली पायरी तेवढी सांगितली नाहीत. मी ती पत्रं पुन्हा काढून वाचली. कुठेही नाही.

तेवढ्यात कृतिकाने वायरींच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "आई, इथे गरम लागतं. इथे नाही, इथे."

दोन स्क्रू. मला जमले.

आत उजव्या खाचेच्या वायरीत एक पांढरा, चिनी मातीसारखा तुकडा जोडलेला आहे, बोटाच्या पेराएवढा. वर दहा ओहम लिहिलं आहे. डाव्या वायरीत तो नाही. विनीतला दाखवला. तो म्हणाला रेझिस्टर आहे, वीज अडवायला घालतात, आणि मग घड्याळाकडे बघत बसला.

कारखान्यातून आलेला असेल असं मी धरलं असतं. पण त्यावर पिवळी स्लीव्ह, नळीसारखी, चढवलेली आहे आणि स्लीव्हला मेणाच्या दोऱ्याची गाठ आहे, दोन वेढे आणि आतून काढलेलं टोक. मोटरच्या वाइंडिंगला ती गाठ तुम्ही बांधता. दुसऱ्या कोणाचीही गाठ तुम्हाला कधी पसंत पडली नाही.

हे तुम्ही लावलंत का आणि का लावलंत, एवढंच लिहा. तोपर्यंत जूनमध्ये येऊ नका. कृतिकाचा कप्पा मी तिला परत भरायला सांगितला आहे.

प्राची


मानपाडा
३ जून

प्राची,

तुझं पत्र पंधरा दिवस उशाशी आहे. बापाला अशा भाषेत पत्र लिहायला तुला कोणी शिकवलं ते मला माहीत नाही. मी तरी नाही.

लावला. मी लावला. तुझ्या आईने सांगितलं म्हणून लावला. विनीत सात वर्षांचा होता. हरला की भिंतीवर डोकं आपटायचा, ताट ढकलायचा. ती म्हणाली, काहीतरी करा, पोर उपाशी झोपतं. मी केलं. आठ दिवसांत काढणार होतो. कामाच्या रगाड्यात राहून गेलं. माणसाच्या हातून राहतं.

तो सेट आला कुठून ते विसरलीस का? पलीकडच्या कारखान्याच्या मॅनेजरने मोडका म्हणून टाकला होता. दोन्ही मोटरी जळालेल्या. त्या मी केसाएवढ्या तारेने पुन्हा वाइंड केल्या, भिंग लावून, जेवणाच्या सुट्टीत. दोन्ही. तुझीसुद्धा. ते तुला दिसत नाही. तुला दहा ओहम दिसतो.

शेजारच्या पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या दणक्यात तीस वर्षं काढून कान घालवले ते कोणासाठी? तुझं लग्न चांगल्या घरात झालं. त्यांची जमीन होती, तिथे टॉवर आला, तू त्यात राहतेस. बँकेत पंख्याखाली खुर्चीवर बसतेस. दहा ओहमने तुझं काय अडलं?

खेळणं होतं. खेळण्यावरून बापाला दार बंद करणारी मुलगी मी पहिल्यांदा बघतो आहे.

बाबा


माजिवडा
६ जून

बाबा,

दहा ओहमने काय अडलं ते सांगते.

जून १९९९. दहावीचा निकाल. गणितात शाळेत पहिली. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा फॉर्म मी स्वतः कल्याणला जाऊन आणला होता. मामा आले होते. मी फॉर्म तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो वाचलाही नाहीत. मामांना म्हणालात, "हिचा हात हळू आहे. लहानपणापासून बघतोय. विनीतपेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण गाडीच्या खेळात एकदाही जिंकली नाही. हिला कॉमर्सला घालू." मामा म्हणाले, बरोबर. मी म्हणाले, बरोबर. कारण मीही बघितलं होतं. दोन वर्षं दर रविवारी हरले होते. तुमच्या शब्दावर नाही, माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता मी.

नंतर मी स्कूटर शिकले नाही. बल्बचा होल्डर बदलायला माणूस बोलावते. बँकेत नवी मशीन आली की मी म्हणते, आधी दुसऱ्या कोणाला शिकवा. मिक्सर बिघडला तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. हे सगळं मी स्वभाव म्हणून घेऊन फिरले, बाबा. माणसाचं नाक असतं तसं.

आता तुमच्या पत्राबद्दल. आईचं नाव घेऊ नका. विनीतने ताट ढकललं की आई त्याला एक चापट देऊन तेच ताट पुढे करायची. ते मी बघितलं आहे. आईला रेझिस्टर हा शब्द माहीत नव्हता. ती आता उत्तर द्यायला नाही म्हणून तुम्ही तिला पुढे केलंत.

राहून गेलं म्हणता. ठीक. १९९३ साली राहून गेलं असेल. पण १९९९ साली मामांसमोर बोललात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. विसरलेल्या माणसाला झाकण उघडू नकोस असं तीन दशकांनी आठवत नाही.

आणि हे शेवटचं. ६ मेला मी तुम्हाला लिहिलं की कृतिकाचा हात माझ्यासारखा हळू आहे आणि मी तिला तसं सांगितलं. ते तुम्ही वाचलंत. ९ मेला उत्तर लिहायला बसलात. एक ओळ लिहायची होती. तुम्ही टायरबद्दल लिहिलंत.

माझं झालं ते झालं. पण तुम्ही चष्मा लावून, पेन हातात घेऊन, पोरीच्या पोरीलाही त्याच खाचेत राहू दिलंत. १९९३ पेक्षा मला ९ मेचा राग जास्त आहे.

कृतिका माझं ऐकत नाही. मी रेझिस्टर दाखवला तर म्हणते, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. वर्ग १ जुलैला पुन्हा सुरू होतो. तिचं नाव अजून काढलेलं नाही.

तिला पत्र लिहा. तुमच्या अक्षरात. कोणी लावला, का लावला, आणि १९९९ ला काय बोललात. पाठवण्याआधी विनीतला वाचून दाखवा. त्यानंतर आपण पुढचं बोलू.

प्राची


मानपाडा
१४ जून

प्राची,

सोबत कृतिकाला पत्र आहे. झालं समाधान?

बाबा

चि. कृतिका,
अनेक आशीर्वाद. तुमच्या ट्रॅकच्या वायरीत एक जुना बिघाड होता, त्यामुळे उजवीकडची गाडी हळू चालायची. तो तुझ्या आईने शोधून काढला. शाबास. तुझा हात चांगला आहे. मन लावून अभ्यास कर. मोठ्यांचं ऐक.
तुझे आजोबा


माजिवडा
१७ जून

बाबा,

पत्र परत पाठवते. तिला दाखवलं नाही.

बिघाड आपोआप होतो. हा बिघाड नव्हता. ह्याला गाठ मारलेली होती.

शाबासकी नको. पुन्हा लिहा. नाही लिहिलंत तर मी आग्रह करणार नाही. खोकं बांधून ठेवीन, आणि कृतिकाने कधी विचारलं की आजोबा का येत नाहीत, तर मी तिला खरं सांगीन. तिने ते माझ्या तोंडून ऐकलं तर तुमच्यासाठी जास्त वाईट असेल. मी दया करणार नाही.

प्राची


मानपाडा
२६ जून

प्राची,

विनीतला वाचून दाखवलं.  त्याने पाटी ओढून लिहिलं, "सातवीत असताना मी झाकण उघडलं होतं. मला माहीत होतं." मी विचारलं, मग? त्याने पाटी पुसली आणि वर्कशॉपमध्ये गेला. हेही तुला कळायला हवं म्हणून लिहितो. पाटी पुसली की झालं, असं तो माझ्याकडूनच शिकला.

कृतिकाचं पत्र पाकीट न चिकटवता ठेवलं आहे. आधी तू वाच.

बाबा

चि. कृतिका,

मी तुझे आजोबा. मी मोटरी वाइंड करायचो. मागचं पत्र मी खोटं लिहिलं होतं, ते तुझ्या आईने परत केलं. हे खरं आहे.

तुझी आई दहा वर्षांची होती तेव्हा मी तिच्यासाठी आणि विनीतमामासाठी हा सेट दुरुस्त केला. दोन्ही खाचांना सारखी वीज होती. वर्कशॉपच्या बाकावर दर रविवारी शर्यत व्हायची. पहिले चार रविवार तुझी आई जिंकली. नुसती जिंकली नाही. वळण आलं की अंगठा किंचित सैल सोडायची आणि वळण संपलं की दाबायची. मी तिला हे शिकवलं नव्हतं. तिने गाडीचा आवाज ऐकून ठरवलं होतं. मामा नुसता दाबून धरायचा आणि त्याची गाडी उडून पडायची.

चौथ्या रविवारी आनंदा नावाचा माझा कारागीर म्हणाला, "शेठ, बोर्ड बदला. पोरीचं नाव घाला." सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले. पण मला लाज वाटली. वर्कशॉपच्या बोर्डावर मी माझ्या नावाखाली "आणि मुलगा" असं रंगवून घेतलं होतं, नुकतंच. रंग ओला असल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुझ्या आईच्या खाचेच्या वायरीत रेझिस्टर घातला. कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या आजीने सांगितलं असं मी तुझ्या आईला लिहिलं, तेही खोटं. आजीला माहीतच नव्हतं. मामा हरला की रडायचा हे खरं, पण म्हणून मी ते केलं नाही.

पाचव्या रविवारपासून तुझी आई हरायला लागली. ती जास्त जोरात दाबायची. तिला वाटायचं तिचं चुकतं. मी बघत होतो. काढू शकत होतो. रोज काढू शकत होतो. मग तिला सवय झाली आणि मला सोय झाली. ती मोठी झाली आणि तिला माझं काम शिकायचं होतं तेव्हा मी लोकांना सांगितलं की हिचा हात हळू आहे. मला माहीत होतं की तो नाही.

आणि या मे महिन्यात तिने मला लिहिलं की तुझाही हात हळू आहे. मी गप्प बसलो. कारण खरं सांगितलं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस याची मला भीती वाटली. मी बहात्तर वर्षांचा आहे आणि दहा वर्षांच्या मुलीला घाबरलो.

दोष वायरीत नव्हता. माझ्यात होता. तू बोट ठेवून गरम जागा शोधलीस असं आईने लिहिलं आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये ते शिकायला पोरांना वर्ष लागायचं.

तानाजी
(तुझे आजोबा)


माजिवडा
७ जुलै

बाबा,

पत्र मिळालं. कृतिकाला दिलं. तिने ते एकटीने खोलीत वाचलं, मग मला बाहेर येऊन विचारलं, "आजोबांना तू ओरडलीस का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "अजून ओरड." आणि पत्र शाळेच्या फाइलमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. १ जुलैला ती वर्गाला गेली. रोज जाते.

विनीतचं मी बघते. त्याच्या वतीने तुम्ही लिहू नका.

सोल्डरिंग गन आणली. दुकानदाराने विचारलं, भाऊ कशासाठी वापरणार. मी म्हटलं, भाऊ नाही, मी. दोनदा बोट भाजलं, तिसऱ्यांदा रेझिस्टर सुटला. वायर सरळ जोडली. सोल्डरचा गोळा ओबडधोबड झाला आहे, तुम्हाला पसंत पडणार नाही. रेझिस्टर सोबत पाठवते. गाठ सोडलेली नाही, तशीच आहे.

काल मुली शाळेत गेल्यावर मी सुट्टी घेऊन ट्रॅक मांडला आणि उजवीकडे बसले. सासूबाई बघत होत्या. कंट्रोलरचा घोडा दाबला. लाल गाडी पहिल्याच वळणावर उडाली आणि सोफ्याखाली गेली. पुन्हा ठेवली. पुन्हा उडाली. सासूबाई म्हणाल्या, "गो, सोर की जरा!" मला सोडता येत नव्हतं. पाचव्या रविवारपासून मी नुसतं दाबत आले आहे. अंगठ्याला दुसरं काही माहीत नाही. तुम्ही लिहिलंत की मी आवाज ऐकून सोडायचे. मला ते आठवत नाही. पत्रात वाचलं तेव्हा दुसऱ्याच कोणत्या मुलीबद्दल वाचल्यासारखं झालं. ती मुलगी तुम्ही चार रविवार बघितलीत. मी एकदाही नाही. याचा राग जाईल असं मला वाटत नाही, आणि तो घालवायचा मी प्रयत्नही करत नाही.

साठ-सत्तर वेळा प्रयत्न केला. एकही फेरी पूर्ण नाही.

कृतिकाने कप्पा पुन्हा रिकामा केला आहे. मी तिला सांगितलेलं नाही. पण तुम्ही अजून येऊ नका. मला एक फेरी न पडता पूर्ण करता आली की कळवीन. मग या, आणि उजवीकडे तुम्ही बसा.

प्राची